वाटीला लोखंड लावू नये

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की कधी ते विचारू नका. गोष्टीत साल विचारणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. तर तेव्हा एक डोंगराळ राज्य होतं आणि त्याचा कारभार एक राणी पाहत होती. मुलांनो, पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही बसा. "आम्ही आपले सहज उभे आहोत" असं म्हणून दाराशी रेंगाळू नका. सहज कुणी उभं राहत नसतं.

त्या राज्यातल्या वाटा इतक्या अरुंद होत्या की घोड्याला वळता येत नसे. निरोप न्यायचा तर माणसानेच पळायचं. अशा पळणाऱ्यांना हरकारे म्हणत. इतरांचं पोट हातावर असतं, यांचं पायांवर होतं. उजाडायच्या आत उठावं, डोंगर चढावा, उतरावा, पायांना तेल लावावं आणि बोलावणं आलं की सुटावं.

वर्षातून एकदा, देवीच्या जत्रेला, या हरकाऱ्यांची शर्यत लागे. नदीकाठच्या देवळापासून निघायचं, खिंडीतून वर चढायचं, माथ्यावरच्या दीपमाळेला हात लावायचा आणि परत यायचं. एका वेळी एकानेच धावायचं. वेळ मोजायला तांब्याची एक वाटी होती. तिच्या बुडाला बारीक, गोल भोक होतं. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडली की पाणी हळूहळू आत चढे आणि शेवटी वाटी बुडे. ती बुडायच्या आत जो परत आला तो जिंकला. एक जिंकला की शर्यत तिथंच संपे. मागच्यांची पाळी आलीच नाही तरी त्यांनी काही बोलायचं नाही.

कोण कधी धावणार हे गाडग्यातून खडा काढून ठरे. त्यामुळे असंही होई, की एखादा वाऱ्यासारखा पळणारा दिवसभर देवळाच्या पायरीवर उभाच राही आणि तसाच घरी जाई. मी त्यावर काही म्हणत नाही. नशिबाचा आणि माझा फारसा घरोबा नाही.

वाटी तरंगत असेपर्यंत बायका घंगाळाभोवती बसून देवीचं गाणं म्हणत. गाणं चांगलं लांबलचक होतं. त्याचं शेवटचं कडवं संपत आलं की वाटीही बुडत आलेली असे. हे कुणी मुद्दाम जुळवलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं म्हणून म्हणून ते जुळून गेलं होतं.

जो जिंकेल त्याच्या घरी ती वाटी वर्षभर राही. त्याचे दोन नियम होते. वाटी ओटीवरच्या उघड्या कोनाड्यात ठेवायची, आणि तिला लोखंड लावायचं नाही. का, ते कुणाला सांगता येत नसे. पूर्वीपासून चालत आलंय, एवढंच लोक सांगत.

पुढच्या जत्रेला खडा न काढता वाटीवाला पहिला धावे. त्याने वाटीला दुसऱ्यांदा हरवलं तर तो जन्मभराचा राजहरकारा होई. राणीचा प्रत्येक निरोप मग त्याच्याच हाती. पण तो यायच्या आत वाटी बुडाली, तर त्याने पुन्हा कधी त्या शर्यतीत उतरायचं नाही. संधी एकच.

आता बहिरूची गोष्ट सांगतो. बहिरू हरकारा होता आणि चांगो त्याचा जोडीदार. दोघे रोज पहाटे एकत्र डोंगर चढत. बहिरू पुढे, चांगो त्याच्या टाचेशी. बहिरूच्या पायांत देवाने काहीतरी जास्त घातलं होतं, हे चांगोलाही मान्य होतं.

आदल्या वर्षी कुणीच जिंकलं नव्हतं, म्हणून त्या वर्षी सुरुवातच खड्याने झाली आणि पहिला खडा चांगोचा निघाला. चांगो सुटला, खिंडीत शिरला आणि बघतो तर काय, खिंडभर शेळ्या! पुढे शेळ्या, मागे शेळ्या, पायांत शेळ्या. ढकलत, ओरडत तो कसाबसा पार झाला, पण परत येईतो गाणं संपलं होतं आणि वाटी तळाशी गेली होती.

दुसरा खडा बहिरूचा निघाला. तोवर शेळ्या निघून गेल्या होत्या. वाट मोकळी होती. बहिरू गेला काय, आला काय, आणि वाटी अजून पाण्यावर डोलत होती. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बहिरूला शेळ्यांनी जिंकवलं रे!"

सगळे हसले. बहिरूही हसला. पण ते वाक्य त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. आणि खरं सांगू? त्या शेळ्या कुणाच्या, हे कधी कळलं नाही. त्या राज्यात प्रत्येक शेळीला मालक होता, पण या शेळ्या माझ्या असं कुणी पुढे येऊन म्हणालं नाही. मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, तरी मला अजून त्याचा उलगडा झालेला नाही.

संध्याकाळी चांगो नदीत पाय सोडून बसला होता. बहिरू त्याच्याजवळ गेला.

"चांगो, खरं सांग. तुला काय वाटतं? मी जिंकलो का शेळ्या जिंकल्या?"

चांगोने पायाचा घोटा चोळला आणि म्हणाला, "शेळ्या आल्या हे तुझं नशीब. पण तू तयार नसतास, तर त्या नुसत्या शेळ्याच असत्या. चल, उद्या पहाटे येतोस ना?"

एवढं चांगलं उत्तर ऐकून शहाण्या माणसाला शांत झोप लागली असती. बहिरूला लागली नाही. त्याच्या मनात आलं, हा इतकं गोड का बोलतोय? हातची वाटी गेलेला माणूस रडत नाही, चिडत नाही, उलट उद्या धावायला बोलावतो. कुठंतरी पाणी मुरतंय.

मग तो वाटीकडे बघत विचार करू लागला. नशीब ज्या वाटेने आलं त्याच वाटेने जाईल. जायला वेळ कितीसा? कुणी यावं, बुडाचं भोक जरासं मोठं करावं आणि निघून जावं. पुढच्या जत्रेला मी पहिला धावणार, वाटी लवकर बुडणार, मी कायमचा बाद होणार. मग सगळ्यांना रान मोकळं. आणि वाटी ठेवायची कुठं, तर उघड्या कोनाड्यात! हा नियम केला कुणी? ज्याला चोरी करायची होती त्यानेच केला असणार.

त्याने वाटी कोनाड्यातून काढली आणि आतल्या कणगीत, ज्वारीच्या खाली पुरली.

दुसऱ्या दिवशी गोजराआजी आली. जत्रेत गाण्याचं पहिलं कडवं तीच उचलायची. ती ओटीवर टेकली आणि कोनाड्याकडे बघून म्हणाली, "बहिरू, वाटी कुठं हाय रं? हात जोडावं म्हटलं."

"पुसायला काढलीय, आजी."

"पुसायला? कोरडी वाटी ती. तिला पुसायचं काय?"

बहिरू पायांना तेल चोळू लागला. आजी गेली, तशी तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. हिला आजच बरं हात जोडावेसे वाटले!

वाटी लपवून भागलं नाही. लपवलेली वस्तू जागेवर आहे का ते बघावं लागतं, आणि बघितली की जशीच्या तशी आहे का ते तपासावं लागतं. तपासायचं कसं? घरात पोती शिवायचं दाभण होतं. चांगलं बोटाएवढं लांब, टोकाकडे निमुळतं आणि तिधारी, म्हणजे तीन कडांचं. बहिरूने ते वाटीच्या भोकात घातलं. जिथपर्यंत ते गेलं तिथं त्यावर एक रेघ ओरखडली. आता उद्या ते रेघेपर्यंतच गेलं, तर वाटी ठीक. रेघेच्या पुढं गेलं, तर चोर येऊन गेला.

वाटीला लोखंड लावायचं नाही, हे त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. तो मनाशी म्हणाला, "लोखंड लावू नये म्हणे! म्हणजे कुणाला तपासता येऊ नये. हाही नियम त्यांचाच."

त्याची बायको साळू. बोलायला फटकळ, पण मनाने स्वच्छ. ती म्हणाली, "अहो, माझं दाभण बघितलंत का? पोतं उसवलंय. ज्वारी गळायला लागलीय."

"मी कशाला बघू तुझं दाभण?" बहिरू म्हणाला. दाभण त्याच्या पागोट्याच्या घडीत खोचलेलं होतं. साळूशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता आणि ते इतकं सोपं गेलं याचं त्याला नवल वाटलं.

सुरुवातीला तो रोज सकाळी एकदा वाटी तपासे. मग कुणी घरी येऊन गेलं की पुन्हा तपासू लागला. मग कुणी आलं नाही तरी तपासू लागला, कारण कुणी आलं नाही हे त्याला कशावरून ठाऊक? दाभण घालायचं, जरा दाबायचं, नीट बसलंय ना म्हणून थोडं हलवायचं, रेघ बघायची, काढायचं. हा त्याचा नित्यनेम झाला. देवाला फूल वाहायला त्याला वेळ नसे, पण दाभण कधी चुकलं नाही.

आणि एक दिवस दाभण रेघेच्या पुढं गेलं. केसभरच, पण गेलं.

बहिरू ताडकन उठला. "आला होता! कुणीतरी आला होता!" आता बघा, त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण आतून तो सुखावला. मी म्हणत होतो ना, ते खरं निघालं! संशयी माणसाला आपला संशय खरा ठरण्यासारखं दुसरं सुख नाही. गुळाचा खडाही त्यापुढे फिका.

राणीकडे जावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण वाटी त्याच्या ताब्यात असताना बिघडली म्हटल्यावर राणी काय म्हणेल? म्हणून तो गप्प बसला. त्याने दाभणावर नवी रेघ ओढली आणि चोर शोधायला लागला.

चोर शोधायचा तर सगळ्यांवर नजर हवी. गोजराआजी ताक घेऊन आली तर तो ताक ओटीवरूनच घेई. साळूचा भाऊ काकवीचं मडकं घेऊन पाहुणा आला, तर बहिरू त्याच्याबरोबर घरभर फिरत राहिला. पाहुणा बिचारा दुसऱ्याच दिवशी काम निघालं म्हणून गेला. रेघा वाढत गेल्या. दाभण दर थोड्या दिवसांनी आणखी केसभर आत जाई, आणि प्रत्येक वेळी बहिरूला नवा चोर दिसे.

चांगो पहाटे हाक मारी, "बहिरू, चल, उजाडलं!"

"पाय दुखतोय," बहिरू आतून म्हणे. निरोप न्यायचं बोलावणं आलं तरी तो हेच सांगे. घर सोडून डोंगरावर जायचं म्हणजे वाटी एकटी. आणि नेमका चांगोच घराबाहेर काढायला बघतोय, हे त्याला उघड दिसत होतं. काही दिवसांनी चांगो हाक मारायचा थांबला. बहिरू म्हणाला, "बघा! डाव फसला म्हणून थांबला."

धावायला तर हवं होतं. मग बहिरू घराभोवतीच धावू लागला. दार डोळ्यांआड व्हायचं तेवढं मागच्या भिंतीपाशी, म्हणून तिथं तो जीव खाऊन पळे आणि दार दिसलं की दमाने चाले.

साळू दारात बसून ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, "घाण्याचा बैलसुद्धा तेल काढतो हो. तुम्ही काय काढताय?"

बहिरू थांबला नाही. पुढच्या फेरीला ती पुन्हा म्हणाली, आता हसत नव्हती. "देवीने वर्षभराचा वेळ दिला होता तुम्हाला. धावण्यात किती गेला आणि राखणीत किती, जरा बघा. अजून दिवस हातात आहेत. जा चांगोभाऊजींबरोबर."

बहिरू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं? चांगोने?"

साळूच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली, आणि त्या दिवसापासून तिने या गोष्टीवर एक शब्द काढला नाही. मला विचाराल तर बहिरू त्याच दिवशी हरला. पण गोष्ट अजून आहे, ऐका.

जत्रेचा दिवस उजाडला. बहिरूने कणगीतून वाटी काढली, शेवटचं एकदा दाभण घालून हलवून बघितलं, दाभण पागोट्यात खोचलं आणि वाटी पदराखाली मूल न्यावं तशी छातीशी धरून देवळाकडे निघाला.

सगळं राज्य लोटलं होतं. बायका घंगाळाभोवती बसल्या होत्या, त्यांत साळूही होती. राणीने वाटी हातात घेतली. चांगो पायरीशी उभा होता. तो म्हणाला, "बहिरू, खिंडीतले दगड ओले आहेत. जपून."

बहिरूला वाटलं, मी हळू पळावं म्हणून सांगतोय. त्याने मान फिरवली. राणीने वाटी पाण्यावर ठेवली, गोजराआजीने कडवं उचललं आणि बहिरू सुटला.

आणि मग काय झालं, ते सांगताना मलाच भरून येतं. डोंगर लागला तसे त्याचे पाय सगळं ओळखू लागले. हा चढ, ही वळणं, हा उंबराचा बुंधा. खिंड मोकळी होती, एक शेळी नव्हती. ओल्या दगडांवरून तो हरणासारखा गेला. दीपमाळेला हात लावला आणि फिरला. वर्षभरात त्याला पहिल्यांदाच कुणाचा संशय आला नाही, कारण धावणाऱ्या माणसाला तेवढी फुरसतच नसते. इतका सुरेख तो आयुष्यात कधी धावला नव्हता.

उतरताना त्याला गाणं ऐकू आलं. त्याने कान दिला. गाण्यातली देवी अजून माहेराहून निघत होती! म्हणजे कितीतरी कडवी उरली होती. बहिरूला हसू फुटलं. जिंकलो, तो मनात म्हणाला. देवळाचा कळस दिसला, गर्दी दिसली, आणि एकदम गाणं थांबलं. कडव्याच्या मध्येच.

तो धापा टाकत घंगाळापाशी पोचला. पाणी स्वच्छ होतं आणि वाटी तळाशी होती.

बायका घंगाळात डोकावून बघत होत्या. मग गोजराआजी म्हणाली, "अगं बाई! अजून कडवी उरलीत, आन् वाटी बुडाली कशी?"

बहिरू ओरडला, "कशी म्हणजे? बिघडवली कुणीतरी! भोक मोठं केलंय. मला वर्षभर ठाऊक होतं!"

"ठाऊक होतं?" राणीने विचारलं. "मग मला सांगायला का आला नाहीस?"

बहिरूने चांगोकडे बोट दाखवलं. "त्याला विचारा! रोज पहाटे मला घराबाहेर काढायला येत होता."

चांगोचा चेहरा उतरला. राणीने पाण्यात हात घालून वाटी काढली, पदराने पुसली आणि आभाळाकडे धरून भोकातून बघितलं.

"हे भोक गोल होतं," ती म्हणाली. "आता त्याला तीन कोन आहेत. ज्याने कुणी हे केलं, त्याचं हत्यार तिधारी असलं पाहिजे."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. जो तो शेजाऱ्याच्या कमरेकडे बघू लागला. चांभाराने न विचारता आपली आरी काढून दाखवली, ती गोल होती. सोनाराने आपली सळई दाखवली, तीही गोल.

"शोधा!" बहिरू म्हणाला. "एकेकाला तपासा! ज्याच्याजवळ तिधारी हत्यार सापडेल तो चोर. त्याला पुन्हा या डोंगरावर पाऊल टाकू देऊ नका. मी खोटं बोलत असेन तर हे माझं पागोटं!" असं म्हणून त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं आणि देवीसमोर फरशीवर आपटलं.

पागोट्यातून काहीतरी निसटलं, दगडावर खणकन वाजलं आणि घरंगळत घंगाळापाशी जाऊन थांबलं.

साळू बायकांमधून उठली. तिने वाकून बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "माझं दाभण."

राणीने दाभण उचललं. त्यावर एकापुढे एक रेघा होत्या. तिने ते वाटीच्या भोकात घातलं. ते शेवटच्या रेघेपर्यंत गेलं आणि तिथं घट्ट बसलं.

"मी," बहिरू म्हणाला. "मी फक्त बघत होतो. कुणी मोठं तर केलं नाही ना, तेवढंच."

"रोज बघत होतास?"

"रोज."

"मग कुणीतरी रोज येत होतं, हे खरंच," राणी म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि तेच बहिरूला सोसवेना. "तांबं मऊ, लोखंड कठीण. आपल्या पणज्यांनी तेवढंच सांगून ठेवलं होतं. त्यात दुसरं काही लपवलेलं नव्हतं."

चांगो पुढं आला. "राणीसाहेब, देवीच्या पायाशी हिच्याच मापाची जोडवाटी ठेवलेली आहे. ती घ्या आणि बहिरूला पुन्हा धावू द्या. गाणं उरलं होतं, सगळ्यांनी ऐकलंय. जुन्या वाटीला त्याने कधीच हरवलं असतं."

बहिरूने चांगोकडे पाहिलं. या माणसाला त्याने वर्षभर चोर ठरवलं होतं. त्याला मान वर करवेना.

राणीने मान हलवली. "वाटी दुसरी घेता येईल, चांगो. पण त्याची फेरी झाली. वाटी जपायची सोपवली होती त्याला. त्याने स्वतःच तिच्यातला वेळ कोरून काढला. तो मी कुठून परत आणू?"

जोडवाटी आली. गाडग्यातून खडा काढला आणि तो चांगोचाच निघाला. कसा निघाला ते मला विचारू नका. मी तिथं नव्हतो, आणि असतो तर गाडगं उलटं करून बघितलं असतं.

चांगो धावला. खिंडीत ओल्या दगडावर एकदा घसरला, उठला, पुन्हा धावला. तो परत आला तेव्हा गाण्याचं शेवटचं कडवं चाललं होतं आणि वाटीचा काठ पाण्याबाहेर जेमतेम चमकत होता. पण चमकत होता. चांगो जिंकला. तो बहिरूपेक्षा कितीतरी हळू धावला होता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. बहिरूला सगळ्यांत जास्त कळत होतं. त्याने गुडघ्यांत डोकं घातलं आणि सगळ्यांसमोर तो हमसाहमशी रडला.

घरी आल्यावर साळूने दाभण घेतलं आणि उसवलेलं पोतं शिवायला बसली. बरीच ज्वारी गळून गेली होती, मुंग्यांनी नेली होती. उरली तेवढी तिने नीट शिवून ठेवली. बहिरू तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "साळू, मी तुझ्यावरही संशय घेतला."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "दोरा धरा जरा."

पुढे एका पहाटे दारात हाक आली. "बहिरू, चल, उजाडलं!"

बहिरू बाहेर आला. चांगो उभा होता.

"मी कशाला आता? मला कुठं शर्यत आहे?"

"मला आहे की," चांगो म्हणाला. "पुढच्या जत्रेला पहिला मीच धावणार. आणि तू पुढं असल्याशिवाय माझे पाय सुटत नाहीत, हे तुला ठाऊक आहे."

आता मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. बहिरूच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की याच्या पोटात काय आहे? इतकं झाल्यावरही हाच. संशय हा काही एका दिवसात घर सोडून जाणारा पाहुणा नव्हे. तो चांगोच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मग त्याने धोतराचा काचा मारला आणि खाली उतरला.

वाटेत चांगोचं घर लागलं. ओटीवरच्या उघड्या कोनाड्यात वाटी होती. जाता-येता कुणीही हात लावावा अशी. बहिरूचा हात आपोआप पागोट्याकडे गेला. पागोट्यात काही नव्हतं. हात खाली आला, आणि दोघे डोंगराकडे धावू लागले. बहिरू पुढे, चांगो त्याच्या टाचेशी.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आई-बापांनो, घरी जाऊन आपापली पागोटी झटकून बघा आणि एवढं ध्यानात ठेवा: आपल्या नशिबाला भोक बाहेरचा चोर पाडत नाही, ते रोज तपासणारा आपलाच हात पाडतो.